टक्का, दाखला आणि नकार : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

दिव्यांगांच्या शासकीय लाभांवर आपल्याकडे दोन तऱ्हेचे लेखन मिळते. कायद्याची पुस्तके हक्क कलमवार सांगतात, आणि योजनांची माहितीपत्रके अर्जाला काय काय जोडायचे ते सांगतात. या दोहोंच्या मधे बरेच काही घडते. अर्ज जातो, तपासणी होते, आकडा पडतो, नकार येतो, आणि क्वचित त्या नकाराविरुद्ध अपील होते. हा अभ्यासाचा विषय आहे असे मराठीत फारसे कोणाला वाटलेले नाही. हे पुस्तक त्या मधल्या जागेचे आहे. वाचक कायद्याचा विद्यार्थी असेल, समाजकार्याचा असेल, आशाताई असेल किंवा मुलाच्या दाखल्यासाठी सिव्हिलच्या फेऱ्या मारणारी आई असेल. पूर्वतयारी कोणतीच लागत नाही. आईची तर ती झालेलीच असते.

आधी कायद्याची चौकट, थोडक्यात. १९९५च्या कायद्यात सात प्रकार होते. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा एप्रिल २०१७मध्ये लागू झाला आणि प्रकार २१ झाले. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सन, आम्लहल्ल्यातील पीडित असे पूर्वी दाराबाहेर असलेले लोक आत आले. मात्र या कायद्याने दिव्यांग व्यक्तीची व्याख्या एक न करता दोन केल्या, आणि या क्षेत्रातला निम्मा गोंधळ तिथून सुरू होतो. पहिली व्याख्या उदार आहे. दीर्घकाळची कमतरता आणि भोवतालचे अडथळे मिळून माणसाचा समाजातला सहभाग अडत असेल, तर तो दिव्यांग. दुसरी ‘लक्षणीय दिव्यांगत्वा’ची आहे, आणि तिला किमान ४० टक्के लागतात. पहिलीत जिना, बस, शाळा, लोकांची नजर हे सगळे मोजायला हवे. दुसरीत फक्त शरीर मोजले जाते. आरक्षण आणि बहुतेक योजना दुसरीवर चालतात. त्यामुळे खेड्यात कोणी व्याख्या विचारत नाही. ‘टक्का किती बसला?’ एवढेच विचारतात.

हा टक्का बसतो कसा, हे या क्षेत्रातले पहिले प्रमेय. मूल्यांकनाची मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकार ठरवते. २०१८ची तत्त्वे २०२४मध्ये सुधारली गेली. सांध्याची हालचाल गोनिओमीटरने अंशांत मोजतात, श्रवण ऑडिओमेट्रीने आणि गरज पडल्यास बेरा चाचणीने. एकाच माणसाला दोन कमतरता असतील तर त्यांची सरळ बेरीज होत नाही. मोठा आकडा ‘अ’ आणि लहान ‘ब’ धरला, तर ९० मधून ‘अ’ वजा करायचा, त्याला ‘ब’ने गुणून ९०ने भागायचे आणि येईल ते ‘अ’मध्ये मिळवायचे. म्हणजे पायाचे २० आणि कानाचे २० मिळून ४० होत नाहीत, साधारण साडेपस्तीस होतात. दोन्ही २३ असतील तरच गाडी ४०च्या पुढे जाते. नकार मिळालेल्या कित्येकांना हे गणित कोणी सांगितलेलेच नसते. डॉक्टरांनी टक्के खाल्ले, असे त्यांना वाटत राहते.

मानसिक आजाराचे मोजमाप आणखी निराळे. त्यासाठी ‘आयडियाज’ नावाची मापनपद्धती आहे, इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीने घडवलेली. स्वतःची निगा, माणसांशी संबंध, संवाद व आकलन आणि काम अशा चार बाबींना प्रत्येकी शून्य ते चार गुण. आजार किती काळ आहे, त्याचे गुण वेगळे. वीसपैकी सात झाले की चाळीस टक्क्यांची पायरी गाठली जाते. ही माहिती बहुतेक वेळा सोबत आलेल्या नातेवाइकाकडून घेतली जाते, आणि घोडे तिथेच अडते. ‘अंघोळ स्वतः करतो का?’ असे विचारल्यावर आई म्हणते, ‘हो, करतो की!’ रोज पाणी काढून, चार हाका मारून, टॉवेल हातात देऊन ती त्याला मोरीपर्यंत नेते, हे तिला सांगण्यासारखे वाटत नाही. घरची लाज घरात ठेवण्याची सवय जुनी असते. एका ‘हो’पायी दोन गुण जातात, आणि दोन गुणांपायी दाखला.

सिकलसेलची अडचण याच्या उलट. विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या अनेक कुटुंबांना हा आजार पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. वेदनेचा झटका आला की माणूस आठवडाभर अंथरुणाला खिळतो आणि ओसरला की चालताफिरता दिसतो. सिव्हिलच्या वैद्यकीय बोर्डाची तारीख मिळते ती नेमकी चालत्याफिरत्या दिवसाची, कारण झटक्यात असलेला माणूस बोर्डापर्यंत पोहोचूच शकत नाही. वर्षभराचा आजार एका सकाळीत मोजायचा, तर मागची भरतीची कागदपत्रे, रक्त चढवल्याच्या नोंदी आणि शाळेतल्या गैरहजेरीचे दाखले बोर्डाने पाहायला हवेत आणि अर्जदाराने न्यायला हवेत. माझ्या मते या अभ्यासात सर्वांत अधिक काम करण्यासारखी जागा हीच आहे.

दाखला हाती आला म्हणजे पैसे आले, असे नाही. खेड्यात ज्याला ‘निराधारचा पगार’ म्हणतात ती संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८०पासूनची. दिव्यांग अर्जदाराला तिच्यासाठी ४० टक्के लागतात, शिवाय कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत लागते, म्हणजे महिन्याला चार हजार दोनशेच्याही आत. केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतनाला दारिद्र्यरेषा आणि ८० टक्के लागतात, आणि केंद्राचा वाटा महिना ३०० रुपये. एकच माणूस एका दारात पात्र ठरतो आणि दुसऱ्यात अपात्र. दिव्यांगांना अशा योजनांत इतरांपेक्षा किमान २५ टक्के अधिक मिळावे, असे २०१६च्या कायद्याचे कलम २४ सांगते. तरीही २०२५मध्ये दिव्यांगांचे अनुदान २,५०० रुपये होईपर्यंत राज्याच्या या योजनेत सर्व गटांना सारखेच १,५०० रुपये मिळत होते. कलम होते, पण त्याची आठवण कोणी करून द्यायची?

इथे परदेशी अभ्यासकांची थोडी मदत घेऊ. जेरी मॅशॉ यांनी १९८३च्या ‘ब्युरोक्रॅटिक जस्टिस’मध्ये अमेरिकेतल्या दिव्यांगत्व-लाभांच्या निर्णयपद्धतीत न्यायाच्या तीन तऱ्हा दाखवल्या. एक नियमांवर बोट ठेवणाऱ्या कारकुनाची, दुसरी रोग्याकडे पाहणाऱ्या तज्ज्ञाची आणि तिसरी बाजू ऐकून योग्यायोग्य ठरवणाऱ्या न्यायाधीशाची. आपल्याकडे एकाच प्रकरणाला या तिन्हींतून जावे लागते. सिव्हिलचा बोर्ड तज्ज्ञ म्हणून बोलतो. तहसील कचेरी नियम म्हणून उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा आणि आधारवरचे नाव तपासते. शेवटी तालुक्याची समिती बसते. तिचा अध्यक्ष अशासकीय असतो, तहसीलदार सदस्य सचिव असतात, आणि ‘हा खरा गरजू का?’ हा प्रश्न तिथे उघडपणे किंवा मनातल्या मनात विचारला जातो. अमेरिकेत नकार मिळालेला अर्जदार फेरविचारानंतर स्वतंत्र सुनावणी न्यायाधीशापुढे जाऊ शकतो. आपल्या अर्जदाराला आधी नकार नेमका कोणी दिला, हेच शोधावे लागते.

माझे मुख्य म्हणणे इथून सुरू होते. आपल्याकडे नकार बहुधा लिहिला जात नाही, तो बोलला जातो. ‘बसत नाही तुमचं.’ ‘पुढच्या बुधवारी या.’ ‘त्रुटी निघाली आहे.’ ‘साहेब ट्रेनिंगला गेलेत.’ यांतल्या कशावरही अपील करता येत नाही, कारण आव्हान द्यावे असा आदेशच हातात नसतो. वास्तविक २०१७च्या नियमांनी प्रमाणपत्र नाकारल्यास सकारण लेखी कळवण्याचे बंधन घातले आणि त्यासाठी ‘नमुना ८’ असा स्वतंत्र कागद नियमांनाच जोडला. कलम ५९ प्रमाणित करणाऱ्या प्राधिकाऱ्याच्या निर्णयावर अपिलाचा हक्क देते. पण नमुना ८ हाती पडल्याखेरीज कलम ५९ जागे होत नाही. म्हणून अपिलाची खरी सुरुवात अपिलाच्या अर्जात नसते. अर्जाची पोच मागण्यात आणि ‘हे मला लिहून द्या’ म्हणण्यात असते. लिहून मिळाले नाही तर माहितीच्या अधिकारात आपल्याच प्रकरणातले शेरे आणि गुणांकनाचा तक्ता मागता येतो. त्याला ३० दिवसांची मुदत आहे. हा आडमार्ग आहे खरा, पण कागद निर्माण करणारा आहे.

कागदाचा एवढा आग्रह का? १९७८च्या विधिवृत्तांत छापलेल्या मोहिंदरसिंग गिल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की आदेशाची वैधता त्यात लिहिलेल्या कारणांवरच ठरेल, मागाहून शपथपत्रात नवी कारणे घालता येणार नाहीत. प्रकरण निवडणुकीचे होते, पण तहसील कचेरीतल्या दोन ओळींच्या नकारालाही ते लागू पडते.

अलीकडचे ओंकार गोंड प्रकरण तर महाराष्ट्रातूनच गेलेले. वाचा व भाषा दिव्यांगत्व ४४ ते ४५ टक्के असलेल्या या विद्यार्थ्याला ज्या चाळिशीने आरक्षणाला पात्र केले, तिच्यावरच बोट ठेवून वैद्यकीय शिक्षणाला अपात्र ठरवले गेले. ऑक्टोबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नुसत्या आकड्यावरून कोणाला बाद करता येणार नाही. तो विद्यार्थी अभ्यासक्रम पुरा करू शकेल का, हे मंडळाने तपासावे आणि नाही म्हणायचे असेल तर कारणे नोंदवावीत. प्रश्न प्रवेशाचा होता, अनुदानाचा नव्हता, हे विसरू नये. पण कारणे मागण्याची ती रीत अनुदानाच्या अर्जदारालाही उचलता येते.

अपिलात लिहायचे काय? बहुतेक अपिले हालअपेष्टांनी भरलेली असतात. त्या खऱ्या असतात, पण अपील ऐकणाऱ्याला त्यांतून धरायला काही मिळत नाही. कोणता सांधा मोजला नाही, कोणती चाचणी झालीच नाही, दोन कमतरतांपैकी एकच धरली, जुन्या तत्त्वांनी गुण दिले, असे बोट ठेवता आले पाहिजे. टक्क्याचे भांडण वैद्यकीय अपिलाकडे न्यायचे, पात्रतेचे महसूल यंत्रणेकडे. टक्का कमी बसला म्हणून तहसीलदारांकडे केलेली तक्रार वर्षभर फाइलमध्ये पडून राहते, कारण तो त्यांचा विषयच नसतो. उत्पन्नाचा दाखला वेळेत मिळत नसेल तर २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्याची पायरी आणखी वेगळी.

खोटे दाखले काढणारे आहेत, हेही मान्य करायला हवे. २०२४मध्ये त्यावर देशभर गदारोळ झाला आणि फेरतपासणीची मागणी वाढली. मात्र फेरतपासणीच्या रांगेत उभे राहायला लबाड माणसाला गाडी असते. खाटेवरच्या माणसाला तीही नसते.

पुढची प्रकरणे सलग वाचली पाहिजेत असे नाही. इतिहासात रस असेल त्याने पहिल्यापासून सुरुवात करावी. मोजमापाची प्रकरणे कागद-पेन्सिल घेऊन वाचावीत, गणिते स्वतः करून पाहावीत. ज्याचा अर्ज या घडीला कुठल्या तरी टेबलावर आहे, त्याने सिद्धान्त बाजूला ठेवून नमुना ८चे प्रकरण आधी उघडावे आणि पोच घेतली नसेल तर ती आधी घेऊन यावी.