हिरवा आजार आणि लोहाचा हिशेब

योहान्नेस लांगे या जर्मन वैद्याने एका चिंताग्रस्त बापाला लिहिलेले पत्र १५५४ साली प्रसिद्ध झाले. त्या गृहस्थांची मुलगी ॲना उपवर झाली होती. एके काळी तिचे गाल गुलाबी होते. आता चेहरा पांढराफटक पडला होता. जिना चढताना धाप लागे, छातीत धडधड होई, मांसाहार नकोसा वाटे, पाय सुजत. लांगे यांनी या दुखण्याला 'कुमारिकांचा रोग' म्हटले आणि उपाय सांगितला तो लग्नाचा!

पुढे या रोगाला 'क्लोरोसिस' हे नाव पडले. ग्रीक भाषेत 'क्लोरोस' म्हणजे फिकट हिरवा. क्लोरीन आणि क्लोरोफिल या ओळखीच्या नावांचे मूळही तेच. रोग्यांच्या कांतीवर खरोखरच हिरवट छटा असे का, यावर आजही एकमत नाही. पण रोग मात्र खरा होता. त्यातल्या बहुतेक मुली लोहाच्या कमतरतेने होणाऱ्या रक्तक्षयाच्या, म्हणजे ॲनिमियाच्या, रोगी असाव्यात असे आता मानले जाते.

तीनशे वर्षे विद्वानांनी याची कारणे शोधली, ती बहुतेक मुलींच्या स्वभावात किंवा सवयींत. प्रेमभंग, आळस, घट्ट कॉर्सेट. एका नामांकित इंग्रज डॉक्टरांनी १८८७ साली बद्धकोष्ठाला दोष दिला. खुद्द फिरखो यांच्यासारख्या थोर विकृतिशास्त्रज्ञाला या मुलींची महारोहिणी जन्मतःच अरुंद असते असे वाटले. त्या काय खातात आणि दर महिन्याला त्यांच्या शरीरातून किती रक्त जाते, हे मोजून पाहावे असे मात्र फारसे कोणाला सुचले नाही.

गंमत म्हणजे औषध सापडलेले होते. सतराव्या शतकात टॉमस सिडनहॅम लोखंडाचा कीस वाइनमध्ये भिजवून ती वाइन रोग्यांना पाजत असे. (आपल्याकडे पांडुरोगावर लोहाचे योग चरकसंहितेत त्याच्या कितीतरी आधी सांगितलेले आहेत.) पण लोहाने 'बळ येते' यापलीकडे स्पष्टीकरण नव्हते. अठराव्या शतकाच्या मध्यास बोलोन्याच्या मेंगिनी यांनी रक्त जाळून उरलेल्या राखेजवळ लोहचुंबक नेला, तेव्हा राखेतले कण त्याला चिकटले. रक्तात लोह असते हे असे डोळ्यांना दिसले. १८३२ साली फ्रान्समधील पिएर ब्लो यांनी हिराकस आणि पोटॅशियम कार्बोनेट यांच्या गोळ्या देऊन असे अनेक रोगी बरे केले. या गोळ्या पुढे शंभर वर्षे युरोपभर विकल्या गेल्या.

आता प्रश्न सुटायला हवा होता. तो सुटला नाही, कारण मध्येच रसायनशास्त्र आले. लोह घेणाऱ्या रोग्यांची विष्ठा तपासली असता दिलेले लोह जवळजवळ सगळेच तिच्यातून बाहेर पडते असे आढळले. यावरून बाझेलचे गुस्ताव फॉन बुंगे यांनी निष्कर्ष काढला की औषधातले असेंद्रिय लोह शरीरात शोषलेच जात नाही. फक्त अन्नातले सेंद्रिय लोह शोषले जाते. मग गोळ्यांनी गुण येतो तो कसा? बुंगे म्हणाले, आतड्यात हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो आणि तो अन्नातल्या लोहाचा नाश करतो. औषधातले लोह स्वतः त्या वायूशी संयोग पावते आणि अन्नातले लोह वाचवते. कल्पना मोठी चतुर होती, आणि त्या काळात तिला मोठा मान होता.

एडिंबरोच्या राल्फ स्टॉकमन यांनी १८९३ साली ही कल्पना तपासली. त्यांचा प्रयोग विद्यार्थ्यांना अवश्य सांगावा असा आहे. रोगी मोजके, पण तर्क पक्का. काही मुलींना त्यांनी लोहाचा क्षार त्वचेखाली टोचून दिला, म्हणजे आतड्याचा संबंधच नको. काहींना आयर्न सल्फाइड दिले. ते हायड्रोजन सल्फाइडने आधीच 'भरलेले' असल्याने आणखी वायू शोषू शकत नाही. पण जठरातल्या हायड्रोक्लोरिक आम्लाशी गाठ पडली तर त्यातून वायू सुटेल (शाळेच्या प्रयोगशाळेत आपण तो असाच तयार करतो), म्हणून त्यावर केराटिनचे आवरण घातले. ते जठरात विरघळत नाही, पुढे आतड्यात विरघळते. आणखी काहींना बिस्मथ आणि मँगनीज यांची संयुगे दिली. ती वायू पकडतात, पण त्यांत लोह नसते. पहिल्या दोन्ही प्रकारच्या मुली सुधारल्या. बिस्मथ-मँगनीजने काहीच फरक पडला नाही. म्हणजे रक्ताला हवे होते ते लोहच.

दोन वर्षांनी स्टॉकमन यांनी अशा मुलींच्या आहारातले लोह मोजले. ते निरोगी माणसांच्या आहारातल्या लोहापेक्षा पुष्कळच कमी भरले. त्यात पाळीतला रक्तस्राव मिळवला की रोगाला वेगळे गूढ कारण शोधण्याची गरज उरत नाही.

मग विष्ठेत सापडलेल्या त्या लोहाचे काय? मोजमाप बरोबर होते. चुकला होता तो निष्कर्ष. आजचे आकडे घेऊन हिशेब करू. पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते आणि एका मिलिलिटरमध्ये सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असते. म्हणजे महिन्याला १५ ते २० मिलिग्रॅम, दिवसाला जेमतेम अर्धा. शरीरातल्या झडणाऱ्या पेशींवाटे दिवसाला आणखी एक मिलिग्रॅमच्या आसपास जाते. एवढीशी तूट भरायला औषधाचा अल्पसा अंश पुरतो, आणि तो अंश विष्ठेच्या ढोबळ परीक्षणात सापडणे कठीण. १९३७ साली मॅकन्स आणि विडोसन यांनी दाखवले की जादा लोह बाहेर टाकण्याची व्यवस्था शरीरात नाही. किती शोषायचे एवढेच ते ठरवते. म्हणून नको असलेले लोह आतड्यातूनच पुढे सरकते.

हा सगळा इतिहास आपल्या शाळेत येऊन पोचला आहे. भारतात गरोदर स्त्रियांना लोह आणि फॉलिक ॲसिड देण्याची राष्ट्रीय योजना १९७० साली सुरू झाली. त्यातल्या फॉलिक ॲसिडची कथा मुंबईशी जोडलेली आहे. १९२८ साली लूसी विल्स येथे आल्या आणि गरीब गरोदर स्त्रियांमधला, मोठ्या आकाराच्या तांबड्या पेशींचा वेगळाच रक्तक्षय यीस्टच्या अर्काने बरा होतो हे त्यांनी १९३१ साली दाखवले. यीस्टमधला तो गुणकारी पदार्थ म्हणजे फोलेट. २०१२-१३ च्या सुमारास शाळांतून किशोरवयीन मुलामुलींना दर आठवड्याला निळी गोळी देण्याचा कार्यक्रम आला. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया ॲनिमियाग्रस्त आढळल्या. सगळा दोष लोहाचा नाही. जंत, सिकल सेल, इतर पोषकांची उणीव हेही आहेतच. पण वर्गात मागच्या बाकावर पेंगणारी मुलगी 'आळशी' ठरवण्याआधी तिचे हिमोग्लोबिन तपासायला काय हरकत आहे?

गोळी सुरू झाल्यावर शौचाला काळे होते आणि घाबरून पुष्कळ मुली ती सोडून देतात. घरचे म्हणतात, औषध अंगी लागत नाही, सगळे बाहेर पडते. बुंगे यांनी नेमके हेच म्हटले होते! गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. त्याचा दहावा हिस्सा शोषला गेला असे धरले, तर ५४ मिलिग्रॅम बाहेर पडणारच, आणि तो काळा रंग त्याचाच. उरलेले सहा मिलिग्रॅम रक्तात जातात. पाळीतून आठवड्याला सरासरी चार ते पाच मिलिग्रॅम लोह जाते. ही वजाबाकी फळ्यावर मांडायला पाच मिनिटे लागतात.