तळ्यांतील हिरवे धागे

हॉलंडमध्यें डेल्फ्ट शहरापासून दोन तासांच्या वाटेवर एक तळें होतें. हिवाळ्यांत त्याचें पाणी निर्मळ असे. उन्हाळा लागला कीं तें पांढुरकें होई व त्यांत हिरवे पुंजके ढगांसारखे तरंगूं लागत. खेडूत म्हणत, हा त्या दिवसांत पडणाऱ्या दंवाचा प्रताप. इ. स. १६७४ मध्यें डेल्फ्टच्या आंतोनी लेव्हेनहूक या कापडाच्या व्यापाऱ्यानें तें पाणी कांचेच्या कुपींत भरून घरीं नेलें व स्वतः घांसलेल्या भिंगांतून न्याहाळलें. केसाएवढ्या जाडीचे धागे, आणि त्यांच्या आंत हिरव्या पट्ट्यांचीं वेटोळीं. जणूं मद्य गाळण्याच्या भट्टींतील नागमोडी नळीच! हें वर्णन इतकें नेमकें आहे कीं वाचणारा आजहि म्हणतो, हें स्पायरोगायरा.

यापुढें शेवाळांची ओळख सोपी व्हावयाची, तों झालें उलटेंच. लिनीयसनें वनस्पतींची थोर मांडणी केली ती फुलांतील केसरांवरून. पण शेवाळास फूल कोठलें? इ. स. १७५३ च्या ग्रंथांत त्यानें धाग्यांसारखीं दिसणारीं पुष्कळ शेवाळें, गोड्या पाण्यांतील काय नि खाऱ्या पाण्यांतील काय, ‘कॉन्फर्व्हा’ या एकाच नांवाखालीं कोंबलीं.

हा गुंता उकलण्यास हात घातला तो जिनिव्हाच्या व्होशे नामक धर्मोपदेशकानें. वाळवून कागदाला चिकटविलेलें शेवाळ आपलें रूप गमावतें. व्होशेनें तें जिवंत असतांनाच धीरानें पाहिलें. शेजारशेजारचे दोन धागे नळ्यांनीं जोडले जातात, एकांतील हिरवें द्रव्य दुसऱ्यांत उतरतें व तेथें बीजासारखा गोळा बनतो, हें त्यानें इ. स. १८०३ च्या ग्रंथांत मांडलें. नुसता आकार नव्हे, तर प्रजोत्पादनाची रीत हीच खरी खूण, असें त्याचें म्हणणें. बोटांची परीक्षाहि अगदींच टाकाऊ नव्हे: स्पायरोगायरा रेशमासारखें बुळबुळीत व बिनफांद्यांचें, क्लॅडोफोरा खरखरीत व फांद्यांचें.

इ. स. १८३६ मध्यें आयर्लंडच्या हार्वेनें रंगावरून गट पाडले. ती युक्ति पुष्कळ अंशीं टिकली, तरी रंग फसवितो तो फसवितोच. व्होशेच्या सन्मानार्थ ज्याला व्होशेरिया हें नांव मिळालें, तें शेवाळ डोळ्यांना चांगलें हिरवें दिसतें. परंतु त्याचे खरे आप्त समुद्रांतील तपकिरी शेवाळें होत. त्याच्या धाग्यांत आडपडदे नसतात, आणि तें पिष्टाऐवजीं तेल सांठवितें. म्हणून आयोडीनचा थेंब टाकला असतां स्पायरोगायरांत निळे-काळे ठिपके उमटतात. व्होशेरियांत ते उमटत नाहींत.