हलका फ्रँक

परवा माळा आवरताना नाण्यांचा डबा हाती लागला. शाळेत असल्यापासून जमवलेली चिल्लर. भाचा शेजारीच बसला होता. त्याने एक पांढरं नाणं उचललं, तळहातावर तोललं आणि विचारलं, "मामा, हे खेळातलं आहे का? काहीच वजन नाही याला."

नाणं खरं होतं. फ्रान्सचा 1 फ्रँक, साल 1943, धातू अॅल्युमिनियम. पुण्याच्या जुन्या बाजारात मूठभर परदेशी नाणी एकगठ्ठा घेतली होती, त्यात आलेलं. तेव्हा मलाही ते फालतूच वाटलं होतं. त्यावर काय लिहिलंय ते नीट वाचलं मात्र खूप वर्षांनी, आणि तेव्हापासून हे नाणं माझी पाठ सोडत नाही.

युद्धाआधीचा 1 फ्रँक साधारण 4 ग्रॅमचा होता, पिवळसर, तांब्याच्या मिश्रधातूचा. 1942 साली निघालेला अॅल्युमिनियमचा फ्रँक 1.6 ग्रॅमचा, आणि पुढे तोही घटून 1.3 ग्रॅमवर आला. आकार तोच, 23 मिलिमीटर. 10 आणि 20 सेंतिमची नाणी तर जस्ताची झाली, मधे भोक पाडलेली. आपल्याकडे त्याच सुमारास, 1943 मध्ये, भोकाचा पैसा आला. आजीच्या बटव्यात असायचे तसले पैसे. युद्ध कुठे का चाललेलं असेना, तांबं आणि निकेल तोफगोळ्यांकडे जातं आणि लोकांच्या खिशात उरेल ते येतं.

पण खरी गंमत धातूत नाही, अक्षरांत आहे. (गंमत हा शब्द बरोबर नाही खरं तर.)

फ्रान्सच्या नाण्यावर 'फ्रेंच प्रजासत्ताक' असं लिहिलेलं असे, आणि 'स्वातंत्र्य, समता, बंधुता'. माझ्या नाण्यावर यातलं काहीच नाही. एका बाजूला गव्हाच्या ओंब्या, मधे दुधारी कुऱ्हाड आणि शब्द 'फ्रेंच राज्य'. दुसऱ्या बाजूला 'श्रम, कुटुंब, मायभूमी'.

जून 1940 मध्ये फ्रान्स हरला. 22 जूनला तहावर सह्या झाल्या. 10 जुलैला विशी या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी खासदार जमले आणि त्यांनी 569 विरुद्ध 80 मतांनी सगळे अधिकार मार्शल पेतां यांच्या हाती दिले. पेतां तेव्हा 84 वर्षांचे, पहिल्या महायुद्धातल्या व्हर्दूंच्या लढाईचे नायक. प्रजासत्ताक हा शब्द कागदपत्रांवरून गेला, मग नाण्यावरूनही. ती दुधारी कुऱ्हाड हे पेतांच्या राजवटीचं चिन्ह. आणि या राजवटीला जर्मन सैन्याच्या खर्चापोटी सुरुवातीला रोजचे 40 कोटी फ्रँक मोजावे लागत होते. एका मार्कला 20 फ्रँक हा दरही जर्मनांनीच ठरवलेला.

संग्राहकांना या काळातलं हवं असतं ते 5 फ्रँकचं नाणं, 1941 चं, पेतांच्या चेहऱ्याचं. कोटीहून जास्त पाडली, पण चलनात आणलीच नाहीत, बहुतेक वितळवून टाकली. म्हणून ते दुर्मिळ, म्हणून महाग. माझा फ्रँक मात्र चहाच्या किमतीत मिळतो. पण मला विचाराल तर इतिहास या स्वस्त नाण्यातच जास्त आहे. पेतांचं नाणं कुणी खर्चलंच नाही. हे नाणं रेशनच्या कुपनांबरोबर पावाच्या रांगेत उभं राहिलं.

आणि जुलै 1942 मध्ये पॅरिसमध्ये दोन दिवसांत सुमारे 13 हजार ज्यूंना पकडलं, त्यात 4 हजारांवर मुलं होती. पकडणारे पोलीस फ्रेंच होते. त्यांचा पगारही फ्रँकमध्येच होत असणार. 'कुटुंब' लिहिलेल्या फ्रँकमध्ये!

ऑगस्ट 1944 मध्ये द गॉल यांच्या हंगामी सरकारने वटहुकूम काढला की प्रजासत्ताक कायद्याने कधी संपलंच नव्हतं आणि विशीचे संविधानिक कायदे रद्दबातल आहेत. पॅरिस मुक्त झालं तेव्हा लोक द गॉलना म्हणाले, प्रजासत्ताकाची घोषणा करा. त्यांनी नकार दिला. जे संपलंच नाही त्याची घोषणा कशाला? त्या क्षणी देशाला सावरायला ते गरजेचंही असेल. पण त्याचा एक अर्थ असाही झाला की विशीत जे झालं ते 'आपण' केलंच नाही. त्या पकडापकडीची जबाबदारी फ्रान्सची आहे हे राष्ट्राध्यक्षांच्या तोंडून यायला 1995 साल उजाडावं लागलं. शिराक यांनी ते मान्य केलं. मधे अर्धं शतक गेलं.

कायद्याने ती चार वर्षं पुसली, पण नाणी कशी पुसणार? ती डब्यांत, खणांत, कुणाच्या कोटाच्या अस्तरात राहिली. तिथून कुठे कुठे फिरत एक पुण्यात माझ्याकडे आलं.

भाच्याला यातलं थोडंसं सांगितलं. तो म्हणाला, "मग असलं वाईट नाणं ठेवायचं कशाला? टाकून दे ना." प्रश्न बरोबर होता. मलाही कधीतरी पडलेला. मी त्याला एवढंच म्हटलं की हे मी मिरवायला ठेवलेलं नाही. नाव बदलायला एक दुपार पुरते, 569 मतं पुरतात, आणि दुसऱ्या दिवशी पाव घ्यायला तेच नाणं चालवावं लागतं, हे विसरू नये म्हणून ठेवलंय.

त्याला किती कळलं कोण जाणे. त्याने नाणं पुन्हा एकदा तोलून पाहिलं आणि डब्यात ठेवलं. डबा मात्र मी परत माळ्यावर टाकला नाही. टेबलावरच आहे.