बार्बाडोसचा ऊस आणि अकीकचा एक मणी

बार्बाडोस म्हटलं की आमच्या पिढीला आधी क्रिकेट आठवतं. सोबर्स, वॉरेल, वीक्स, वॉलकॉट, सगळे या एवढ्याशा बेटावरचे! १९६२ साली इथेच ग्रिफिथचा चेंडू डोक्याला लागून नरी कॉन्ट्रॅक्टर मरणाच्या दारात गेले, तेव्हा वॉरेलने रक्त दिलं होतं. पण मंडळी, आज लिहायचंय ते उसाबद्दल.

मुलगा-सुनेबरोबर तिकडे गेले होते, तेव्हा एक दिवस गाडी करून बेट पाहिलं. जेमतेम ४३० चौरस किलोमीटरचं बेट, आपल्या एखाद्या लहान तालुक्याएवढं. गाडी चालवणारा गृहस्थच गाईड, मोठा बोलका.

ऊस आपल्याकडूनच पश्चिमेला गेलेला पाहुणा. अरबांबरोबर तो भूमध्य समुद्राकडे गेला, तिथून अटलांटिकमधल्या बेटांवर, मग ब्राझीलला. इंग्रजांनी बार्बाडोसवर १६२७ मध्ये वसाहत केली. आधी तंबाखू, कापूस करून पाहिला आणि १६४०च्या सुमारास ऊस लावला. उसाने मालकांना गब्बर केलं आणि त्यासाठी आफ्रिकेतून माणसं गुलाम करून आणली. १६६१ मध्ये तर त्यांना मालमत्ता ठरवणारा कायदाच झाला.

पहिला मुक्काम सेंट निकोलस अॅबी. नावात मठ असला तरी हा सतराव्या शतकातला मळेवाल्याचा वाडा. पुढे मॉर्गन लुईसची दगडी पवनचक्की. वाऱ्यावर चरक फिरायचा आणि ऊस पिळला जायचा. गुऱ्हाळ पाहिलेल्याला वेगळं काय सांगायचं? चरकात ऊस सारणाऱ्याचा हात कधी सापडेल याचा नेम नसतो. कॅरिबियनमधल्या चरकांशेजारी म्हणून कुऱ्हाड ठेवलेली असे. हात अडकला तर तो तोडायचा, म्हणजे माणूस वाचतो. सूनबाई ऐकून गप्पच झाली.

दुपारी गन हिल. वरून अर्धं बेट दिसतं, वारा सुरेख आणि सगळे फोटो काढण्यात दंग. १८१६च्या ईस्टरला बुसा नावाच्या गुलामाच्या नेतृत्वाखाली इथे मोठा उठाव झाला. तो चिरडल्यावर पुन्हा कुठे गडबड झाली तर लगेच कळावं म्हणून टेकड्यांवर खुणा करणारी ठाणी उभारली. गन हिलचं ठाणं १८१८चं. म्हणजे आज आपण जे दृश्य डोळे भरून पाहतो, ते पाहण्याची सोय पहाऱ्यासाठी केलेली!

१८३३ मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला. १८३४ ला तो लागू झाला, तरी ‘उमेदवारी’च्या नावाखाली पूर्वीच्याच मालकाकडे राबणं १८३८ पर्यंत सुटलं नाही. साऱ्या वसाहतींतल्या मालकांना मिळून दोन कोटी पौंड भरपाई मंजूर झाली. बार्बाडोसमध्ये तेव्हा सुमारे ८३ हजार गुलाम होते. त्यांना एक पैसाही मिळाला नाही. त्या भरपाईसाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा हिशोब ब्रिटनने २०१५ मध्ये मिटवला. हे आमच्या गाईडने अगदी शांतपणे सांगितलं.

मी विचारलं, ‘‘एवढी माणसं राबली, मेली. त्यांना पुरलं कुठे?’’ तो म्हणाला, ‘‘आमच्या कार्यक्रमात ते नसतं. पण नेतो.’’ आणि परतताना त्याने गाडी न्यूटनच्या मळ्याकडे वळवली.

तिथे पाहायला काही नाही. गवताचा उंचसखल तुकडा, भोवती ऊस. संशोधकांच्या अंदाजाने तिथे सुमारे ५७० माणसं पुरलेली आहेत आणि कुणाच्याही नावाचा दगड नाही. १९७०च्या दशकात तिथे उत्खनन झालं, त्यात एका पुरुषाच्या गळ्याशी एक माळ मिळाली. कवड्या, काचेचे मणी, कुत्र्याचे दात, माशाचे मणके आणि अकीकचा एक मोठा तांबूस मणी. तो मणी बहुधा आपल्या खंबायतेत घडवलेला.

कवड्यांची माळ म्हटली की मला तुळजापूरचे आराधी आठवतात. पण मालदीवच्या कवड्या तेव्हा हिंदुस्थानमार्गे युरोपात आणि तिथून पश्चिम आफ्रिकेत जात. तिकडे ते चलन होतं. सुरतेकडचं आणि कोरोमंडलचं सुती कापडही तसंच जाई. कवड्या आणि कापड मोजून माणसं विकत घेतली जात. ज्या कवडीने माणूस विकला जाई, तीच कवडी त्याने गळ्यात घातली. तो वैदू किंवा देवऋषी असावा, असं अभ्यासकांना वाटतं. मळ्यात त्याचा शब्द मानला जात असावा, नाहीतर एवढी माळ कुणी त्याच्याबरोबर ठेवली नसती.

ब्रिजटाउनमध्ये १८१३ पासून उभा असलेला नेल्सनचा पुतळा २०२० मध्ये हलवला आणि २०२१ मध्ये बार्बाडोस प्रजासत्ताक झालं. मनगटांना तुटलेल्या साखळ्या लटकत असलेल्या माणसाचा पुतळा मात्र १९८५ पासून रस्त्यावरच्या चौकात आहे. लोक त्याला बुसाच म्हणतात.

असो. तुमच्यापैकी कुणी तिकडे गेलं, तर समुद्रकिनारे पाहाच. पण चालकाला न्यूटनबद्दल विचारा. विमानतळापासून ते फार लांब नाही. गवतात दहा मिनिटं उभं राहायला तिकीट लागत नाही.