दारूचा दाणा

सिल्लोडच्या पूर्वेला, आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसले आणि इंग्रज यांची लढाई झाली. दोन्हीकडच्या तोफांत सोरा, गंधक आणि कोळशाची काळी दारूच होती. तिचा प्रत्येक दाणा पृष्ठभागावरून जळतो. दाणे बारीक असले की एकूण पृष्ठभाग वाढतो, ज्वलन जलद होते. म्हणून तोफेला जाड दाणा, पिस्तुलाला बारीक.

१८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी बिनधुराची दारू तयार केली. ती थोडीच पुरे. पण काळ्या दारूच्या मापाची काडतुसे तशीच राहिली. १९३५ साली अमेरिकेत आलेले मॅग्नम रिव्हॉल्व्हरचे काडतूस तर आणखी लांब. त्यात सौम्य बार भरायचा, तर दारू नुसती कमी करून भागत नाही. बिनधुराची दारू दाब वाढेल तशी वेगाने जळते. संथ जातीची दारू कमी भरली, तर पुरेसा दाब होत नाही, ज्वलन अर्धवट राहते आणि गोळी नळीतच अडकू शकते. पाठोपाठ दुसरी झाडली, तर नळी फुटण्याचा धोका! म्हणून सौम्य बारासाठी निवडतात ती जलद जळणारी दारू.

वर्गात खडीसाखर आणि तितक्याच वजनाची पिठीसाखर पाण्यात विरघळवून पाहा. ‘किती?’ इतकाच ‘केवढ्या दाण्याची?’ हा प्रश्नही महत्त्वाचा, हे मुलांना आपोआप उमगेल.