हप्ता चालू, गाडी बंद

सूस, म्हाळुंगे, चांदे आणि लवळे यांच्या शेजारचे नांदे हे मुळशी तालुक्यातले गाव आज पुण्याच्या वाढत्या कडेवर आहे. सूस आणि म्हाळुंगे २०२१ मध्ये महापालिकेत गेली, हिंजवडीचे आयटी पार्क जवळ आले आणि या पट्ट्यात चारचाकी ही गरजेची वस्तू झाली. ती बहुतेक वेळा कर्जावरच येते. नवी गाडी सदोष निघाली की तिचा मालक एका विचित्र जागी अडकतो. गाडी वर्कशॉपमध्ये उभी असते, डीलर पुढची तारीख देतो, कंपनी डीलरकडे पाठवते आणि बँकेचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला खात्यातून जातोच. बँकेला विचारले तर उत्तर एकच मिळते: आम्ही कर्ज दिले, गाडी विकली नाही. कायद्याच्या चौकटीत हे उत्तर बरोबर आहे. पण ही चौकट आपोआप तयार झालेली नाही. गेल्या साठ वर्षांतल्या काही निर्णयांनी ती अशी झाली आणि ती वेगळी होऊ शकली असती, असे माझे म्हणणे आहे.

आपल्याकडे हप्त्यावर वाहन घेण्याची जुनी पद्धत ‘हायर पर्चेस’ची. तिच्यात गाडीचा मालक फायनान्स कंपनी असे, घेणारा भाडेकरू असे आणि शेवटचा हप्ता फिटल्यावरच मालकी त्याच्याकडे येई. या व्यवहाराला स्वतंत्र कायदा नव्हता. १९३० चा वस्तुविक्री कायदा विक्रीपुरता होता आणि इथे तर शेवटपर्यंत विक्रीच झालेली नसे. म्हणून विधी आयोगाने १९६१ मध्ये आपला विसावा अहवाल याच विषयावर दिला आणि १९७२ मध्ये संसदेने हायर पर्चेस कायदा मंजूर केला. त्यात दोन गोष्टी मोलाच्या होत्या. ठरावीक हिस्सा फेडलेल्या माणसाची वस्तू कोर्टाच्या आदेशाशिवाय उचलून नेता येणार नव्हती. आणि वस्तू विकण्याजोग्या दर्जाची असली पाहिजे, ही अट करारात लिहिलेली नसली तरी मालकावर, म्हणजे फायनान्स कंपनीवर, बंधनकारक ठरणार होती. मालकाला वाजवीपणे कळू शकत नव्हते अशा दोषांना यातून सूट होती, त्यामुळे हे कवच अभेद्य नव्हते. तरी पैसा पुरवणाऱ्याचा वस्तूच्या दर्जाशी संबंध आहे, हे तत्त्व पहिल्यांदाच कायद्यात आले होते. पुढे अंमलबजावणीची तारीख जाहीर झाली आणि मागेही घेतली गेली. तीन दशकांहून अधिक काळ हा कायदा नुसता पुस्तकात राहिला आणि २००५ मध्ये तो रद्दच झाला. लागू न होताच रद्द झालेल्या या कायद्याची आठवण ग्राहक चळवळीतही फारशी कोणी काढत नाही, याचे मला वाईट वाटते.

तोवर बाजार पुढे गेला होता. सुंदरम फायनान्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्येच ओळखले होते की अशा अनेक करारांना नाव भाड्याचे असले तरी ते मुळात तारण ठेवून दिलेले कर्जच असते. पुढे मोटारींच्या व्यवहारात हेच रूप उघडपणे रुळले. घेणारा पहिल्या दिवसापासून मालक आणि आरसीवर बँकेचा बोजा. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत सोसायटीचा बोजा चढला म्हणून सोसायटी शेताची मालक होत नाही, तसेच हे. गाडी आपल्या नावावर झाली, यात ग्राहकाचा फायदा नक्कीच झाला. पण मालकीबरोबर दोषाची सगळी जोखीमही त्याच्याकडे आली आणि पैसा पुरवणारा त्या जोखमीतून अलगद बाहेर पडला. या बदलावर संसदेत चर्चा झाली नाही. करारांचे छापील नमुने बदलले आणि त्यांच्याबरोबर हक्कही बदलले.

याच काळात पुण्यात वेगळे काही घडत होते. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी इथे ग्राहक पंचायत सुरू केली. पिंपरी-चिंचवडला वाहनांचे कारखाने उभे राहत होते, पण स्कूटरसाठी आगाऊ पैसे भरून वर्षानुवर्षे थांबावे लागे. मिळाली हेच नशीब मानणारा माणूस दोषाबद्दल काय बोलणार? ती हतबलता मोडण्याचे काम या चळवळीने केले आणि १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामागे तिचे मोठे बळ होते. त्या कायद्याच्या व्याख्येत हप्त्याने पैसे देणाराही ग्राहकच होता. म्हणजे कर्ज फिटलेले नाही म्हणून तक्रारीचा हक्क नाही, असे कोणी म्हणू शकत नव्हते. उणीव राहिली ती तक्रार कोणाविरुद्ध, या प्रश्नात. पुढे न्यायालयांनीही रेषा काटेकोर आखल्या. २००६ मध्ये मारुतीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की वॉरंटी सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची असेल, तर पूर्ण गाडी बदलून मागता येत नाही. २०२१ मध्ये गोव्यातल्या एका ग्राहकाला २०११ च्या मॉडेलऐवजी आधीच चाललेली २००९ ची गाडी दिल्याच्या प्रकरणात टाटा मोटर्स मोकळी झाली. डीलर स्वतंत्र व्यापारी असल्यामुळे, उत्पादकाला माहिती होती हे दाखवल्याशिवाय विक्रेत्याची चूक त्याच्या माथी मारता येत नाही, असे न्यायालय म्हणाले. प्रत्येक निकाल स्वतंत्रपणे समजण्यासारखा आहे. पण एकत्र पाहिले तर ग्राहकासमोर तीन दारे उरतात आणि प्रत्येक जण शेजारच्या दाराकडे बोट दाखवतो.

बँकेला यात ओढू नये, याचे पहिले कारण असे दिले जाते की बँक मेकॅनिक नाही. खरे आहे. पण ती निव्वळ त्रयस्थही नसते. शोरूममध्येच कर्जाचा अर्ज भरला जातो आणि मंजूर रक्कम थेट डीलरच्या खात्यात जाते. विक्री आणि कर्ज एकाच टेबलावर जमत असतील, तर दोष निघाल्यावरच ते दोन अनोळखी व्यवहार कसे ठरतात? ब्रिटनमध्ये १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या ७५ व्या कलमाने, विक्रेत्याशी असलेल्या व्यवस्थेतून दिलेल्या कर्जात, १०० पौंडांहून अधिक आणि ३० हजार पौंडांपर्यंतच्या किमतीच्या वस्तूंसाठी, विक्रेत्याइतकेच कर्ज देणाऱ्यालाही जबाबदार धरले. तिथे कर्जाचा धंदा बुडाला नाही. उलट बेभरवशाच्या विक्रेत्याशी संबंध ठेवायचा की नाही, हे बँकांना आधीच पाहावे लागले. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हप्ता चुकवू पाहणारा प्रत्येक जण दोषाचा बहाणा करील. म्हणूनच हप्ता थांबवण्याचा अधिकार ग्राहकाच्या हाती सोपवू नये. तो ग्राहक आयोगाकडे असावा, वर्कशॉपचे जॉबकार्ड आणि तज्ज्ञाचा अहवाल पाहून वापरावा आणि डीलरमार्फत आलेल्या कर्जापुरताच ठेवावा. व्याज थोडे वाढेल, हेही मान्य. आज तोच खर्च एकटा दुर्दैवी ग्राहक सोसतो. तो सगळ्यांत वाटला गेला तर ते अधिक न्याय्य आहे.

सदोष गाडी आणि तिच्यावरचे कर्ज यांचे नाते कायद्याला अगदीच अपरिचित आहे असेही नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेल्या ११०-अ कलमानुसार सरकारने सदोष गाड्या परत मागवायला लावल्या, तर उत्पादकाने पूर्ण किंमत परत करताना कर्जकरार विचारात घ्यायचा आहे. पण ही तरतूद शेकडो गाड्यांतल्या सामायिक दोषासाठी आहे, नांद्यातल्या एकट्या गाडीसाठी नाही. त्या गाडीच्या मालकासाठी आज २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. शोरूम कुठेही असो, तो राहत्या जिल्ह्यात, म्हणजे पुण्याच्या जिल्हा आयोगात, दोन वर्षांच्या आत दाद मागू शकतो. किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर हाच आयोग पुरतो. डीलर आणि उत्पादक दोघांनाही विरुद्ध पक्ष करता येते, उत्पादन-दायित्वाचे वेगळे प्रकरण आता कायद्यात आहे आणि आयोग अंतरिम आदेशही देऊ शकतो. बँकेलाही पक्ष करून हप्त्यांबाबत अंतरिम आदेश मागावा, असे मी म्हणेन. तो मिळेलच असे नाही आणि मिळेपर्यंत हप्ता थांबवू नये, कारण थकबाकीची नोंद ग्राहकाच्याच नावावर राहते. पण १९७२ च्या कायद्याबरोबर बाजूला पडलेला प्रश्न निदान एका न्यायपीठासमोर पुन्हा मांडला जाईल.