दर्शकाची रेषा आणि वैमानिकाचा हात

ता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी श्री. जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले. त्या चिमुकल्या विमानात बिनतारी यंत्रदेखील नव्हते. आज वैमानिकाच्या समोर जणू एक वाटाड्याच बसविलेला असतो. त्याचे नाव फ्लाइट डायरेक्टर. त्याची हकीकत आपल्या ज्ञातिबंधुभगिनींना, विशेषतः विद्यार्थ्यांना, बोधप्रद वाटेल.

सन १९२९ मध्ये अमेरिकेत जेम्स डूलिटल यांनी बाहेरचे काहीही न पाहता, केवळ यंत्रे पाहून विमान उडविले व उतरविले. परंतु अनेक यंत्रे वाचून त्यांचा मनात मेळ घालणे कष्टाचे असते. म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतर स्पेरी कंपनीने ‘झिरो रीडर’ नावाचे साधन काढले. त्यातील दोन काटे मध्यावर आणून ठेवले की विमान इष्ट मार्गावर राही. आजचा फ्लाइट डायरेक्टर हा त्याचाच वंशज होय.

आम्ही शाळेत मुलांना कित्ता गिरवावयास देत असू. हाती विमान चालविणारा वैमानिक या दर्शकाच्या रेषा तशाच गिरवितो. पण कित्ताच जुना असेल तर? नियंत्रण कक्षाची आज्ञा येते, “उजवीकडे वळा, अमुक उंचीवर या.” ती आज्ञा वैमानिकाच्या कानी पडते, दर्शकाच्या नव्हे. नवी दिशा व उंची यंत्रात भरेपर्यंत रेषा पूर्वीचीच वाट दाखवीत राहतात. यास्तव दंडक असा की, हाती विमान चालविणाऱ्याने जोडीदाराकडून नवे आकडे तत्काळ भरून घ्यावेत. आणि रेषांप्रमाणे जावयाचे नसेल तर दोन्ही बाजूंचे दर्शक बंद करावेत.

या दंडकाचे मोल आपल्या देशाने फार जबर दिले आहे. ता. १४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून निघालेले इंडियन एअरलाइन्सचे एअरबस ए-३२० विमान बंगळूरला उतरत होते. स्वयंचालक बंद होता. मात्र एंजिने मंदगतीवर ठेवून खाली येण्याची योजना यंत्रात चालूच होती. दोन्ही दर्शक बंद झाले असते, तर एंजिनांचे स्वयंनियमन वेग राखण्याच्या कामी लागले असते. पण एकच बंद झाला, दुसरा चालू राहिला. वेग घटत गेला, ते वेळीच ध्यानात आले नाही, आणि विमान धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर आदळले. १४६ जणांपैकी ९२ जण प्राणास मुकले.

वाटाड्या खोटे बोलला नव्हता. त्याला जे सांगितले होते तेच तो दाखवीत होता. साधने वाढोत, त्यांचा अवश्य उपयोग करावा. परंतु आपण यंत्राला शेवटचे काय सांगितले याचे स्मरण मनुष्यानेच ठेवावयाचे असते. आकाशात जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनी एवढे ध्यानी धरावे, हीच प्रार्थना.